पाठीवरचा चेहरा

माझ्या दुकानात छापलेला चेहरा धुण्यात निघत नाही. हे मी जाहिरात म्हणून सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगते. धामणगाव बढ्याला बाजाराच्या रस्त्यावर माझं टपरीएवढं दुकान. आधी तिथं ब्लाउज शिवायची, मग शिलाई कमी झाली तेव्हा कपड्यांवर फोटो छापायचं डीटीएफचं मशीन घेतलं. लोक म्हणाले, बाईमाणसाला जमायचं नाही. जमलं. ज्यांची कामं बिघडतात ते घाई करतात म्हणून बिघडतात आणि मग पावडरीला नावं ठेवतात. नाचता येईना, अंगण वाकडं.

काम तसं सोपं आहे, पण सबुरीचं. मशीन पारदर्शक फिल्मवर चित्र उलटं छापतं आणि रंगांवर पांढऱ्या शाईचा थर देतं. शाई ओली असतानाच त्यावर गोंदाची पांढरी पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि फिल्म भट्टीत ठेवायची. भट्टी म्हणजे टेबलावर मावेल असा चपटा ओव्हन. आत पावडर वितळते आणि शाईला धरून बसते. याला क्युरिंग म्हणतात. मी पकवणं म्हणते. मग ती फिल्म कपड्यावर ठेवून गरम प्रेसखाली दाबायची, गार झाली की सोलून काढायची. चित्र कपड्यावर राहतं.

सगळा जीव पकवण्यात आहे. कमी पकलं तर मागची बाजू रवाळ राहते आणि दोन धुण्यांत सुटते. जास्त पकलं तर पिवळं पडतं, तडकतं. म्हणून मी भट्टीच्या काचेवरून नजर हलवत नाही. पण तिथं बघायला मला आवडत नाही, हेही सांगून टाकते. वाघ असला, फुलं असली, क्रिकेटच्या टीमचं नाव असलं तर काही वाटत नाही. माणसाचा फोटो असला की वरून नुसती पांढरी आकृती दिसते. डोळे नाहीत, तोंड नाही. मग पावडर वितळायला लागते आणि त्या पांढऱ्या कपाळावर घाम सुटल्यासारखी चमक येते. माझ्या भट्टीत ती आधी कपाळावरच येते, का ते मला ठाऊक नाही. इतकी वर्षं झाली, पण अजून अंगावर काटा येतो.

बिघडलेले आणि जादा निघालेले चेहरे मी कचऱ्यात टाकत नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. माझा नवरा म्हणतो, भुतं सांभाळून राह्यली काय? म्हणू दे. गावात ज्यांना रोज बघते त्यांच्या तोंडावर केळीची सालं टाकायला माझा हात होत नाही.

ती आली तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते. आमच्याकडं शेतात जाताना बाया लुगड्यावरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. ऊन लागत नाही, कापसाच्या बोंडांनी हात ओरखडत नाहीत. तीही तशीच शर्ट घालून आली होती, कोपरावर फाटलेला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दुसरा शर्ट. फिक्या आकाशी रंगाचा, घडी घातलेला. वय तिशीच्या आतबाहेर. रोहिणखेडच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातली, बाजारात वांगी-मेथी घेऊन बसणारी. तोंडओळख होती.

लिहिताना मी शहरी लिहिते. आमच्यासारखं लिहिलं की पुण्याकडचे लोक हसतात. पण तिचं बोलणं मी तिचंच ठेवणार, मग हसायचं त्यानं हसावं.

"यावर छापून देसान का, ताई?" तिनं मोबाइलमधला फोटो दाखवला. एक माणूस, तेल लावून भांग पाडलेला, सरळ समोर बघणारा. "पाठीवर पाह्यजे, मोठा. खाली लिवा, यायले कोनी पाह्यलं काय. अन् माह्या फोनचा नंबर."

मग कळलं. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा मलकापूरला जातो म्हणून सकाळी घरून निघाला आणि परत आला नाही. भांडण नाही, दारू नाही, काही नाही. सगळीकडं विचारून झालं होतं. आता ती दर बाजारी त्याला पाठीवर घेऊन फिरणार होती.

"पाठीवरच कायले?" मी विचारलं.

"पुढून मी पाह्यतेच. मांगून कोन पाह्यते?" ती म्हणाली.

मी माझं नेहमीचं विचारलं, शर्ट धुतलाय ना? माझा नियम आहे, न धुतलेल्या कपड्यावर मी छापत नाही. तिनं क्षणभर पिशवीकडं बघितलं आणि हाव म्हणाली. शर्टाला कडक घडी होती, मला वाटलं धुतलेलाच असणार.

मी तो चेहरा दोनदा छापला. एक शर्टासाठी, एक जादाचा, अशी माझी पद्धत आहे. दोन्ही एकाच ट्रेमध्ये भट्टीत सरकवले. कपाळावर चमक यायला लागली आणि लाइट गेली. मी दहा आकडे मोजले तोवर परत आली. मी भट्टी पुन्हा तापू दिली आणि अंदाजानं एक मिनिट जास्त दिलं. बाहेर काढून कडेला बोट लावून पाहिलं तर गुळगुळीत लागलं. झालं म्हटलं. तरी अंदाज तो अंदाजच, तेवढी एक गोष्ट मनात राहून गेली.

छापण्याआधी कपडा नुसताच प्रेसखाली दाबायचा असतो, ओल उडून जावी म्हणून. मी शर्ट पसरला आणि प्रेस खाली ओढला. वाफ निघाली आणि तिच्यासोबत वास आला. घामाचा, तंबाखूचा, थोडा डिझेलचा. जवळ, अगदी माझ्या खांद्याशी, कामावरून आलेला पुरुष उभा राहावा तसा. मी झटक्यात मागं वळले. कुणी नव्हतं. दाराचा पडदा हललासुद्धा नव्हता. ती मात्र एक हात टेबलावर टेकून डोळे मिटून उभी होती.

"बरं नाही काय वं?" मी विचारलं.

"काही नाही. छापा तुम्ही," ती म्हणाली.

मी छापलं. गार होऊ दिलं, फिल्म सोलली. चेहरा शर्टावर उतरला, चांगला उतरला. तिनं तिथंच अंगातला फाटका शर्ट काढून तो घातला आणि निघाली. ती रस्त्यानं पुढं चालली होती आणि तो माझ्याकडं बघत मागं मागं जात होता.

पुढचे तीन बाजार असेच गेले. दुकानात बसल्या बसल्या गर्दीत अचानक ते दोन डोळे दिसायचे. ती कुणाशी भाव करत असायची, तिची पाठ माझ्याकडं. लोक थांबून वाचायचे, मान हलवायचे, पुढं जायचे. सगळ्या बाजारात तो एकच माणूस अजिबात पापणी न हलवता बघत असायचा. मी छापलेला होता, माझ्याच शाईचा. तरी मी नजर काढून घ्यायची.

चौथ्या बाजाराला ती आली नाही. तिच्या शेजारी भाजी लावणारी, तिच्याच गावची एक बाई दुपारी माझ्या दुकानाशी आली.

"तुमचा छाप निघाला न, बाई," ती म्हणाली. "तिच्या सासूनं शर्ट गरम पान्यात भिजू घातला. धुराळ्यानं मयला झाला होता. थोड्या वेळानं पाह्यते तं पोराचा चेहरा पान्यावर आला, पुरा. तरंगे अन् बुढीकडं पाहे. बुढीनं कोनाले हाक मारली नाही. सून वावरातून येईपर्यंत तशीच बादलीपाशी बसून होती, पान्यात हात घालून."

मी हातातली कात्री खाली ठेवली.

"आता बुढी म्हनते, पोरानंच सांगतलं का मी नाही राह्यलो. मले मोकळं करा. येत्या अवसेले पळसाच्या पानाचा पुतळा करून जाळनार हायेत, अन् सुनेचं कुंकू पुसनार. सून म्हनते, मी पुसू देनार नाही. दोघी जेवल्या नाहीत दोन दिवसांपासून."

खाई त्याला खवखवे. मला पहिल्यांदा आठवली ती गेलेली लाइट आणि ते दहा आकडे. कच्चं राहिलं असणार. माझा हात, माझी भट्टी, आणि निघालेला चेहरा गावभर. मी शटर ओढलं आणि ऑटो पकडली. खरं ते सांगते, मी निघाले ती माझ्या नावासाठी. तिच्या कुंकवाचा विचार रोहिणखेडची जुनी मशीद मागं पडल्यावर आला आणि आला तेव्हा मला माझीच लाज वाटली.

त्यांच्या अंगणात चारसहा बाया आणि दोन म्हातारे बसले होते. आत भिंतीशी पाट, पाटावर पितळी ताट, ताटात तो चेहरा. पाणी सुकून कडा थोड्या वर वळल्या होत्या. डोळे छताकडं. शेजारी दिवा होता आणि दिव्याची वात दक्षिणेकडं होती. तशी वात आपण कुणासाठी लावतो, ते सांगायला नको. सून उंबऱ्यात बसली होती, कपाळावर कुंकू तसंच. ती माझ्या तोंडाकडं नाही, माझ्या हातांकडं बघत होती.

सासू शांत होती. मला वाटलं होतं शिव्या देईल. तिनं मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं.

"तू सांग, बाई," ती म्हणाली. "तुह्या हातचं हाये. लोकं म्हनतात तुहा छाप निघत नाही. मंग हा काऊन निघाला?"

मी ताट पुढं ओढलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, चेहरा उलटा केला की कळणार होतं. मागं रवा लागला तर कच्चं, चूक माझी. मी दोन बोटांनी उचलला आणि पालथा केला.

मागची बाजू चमच्याच्या पाठीसारखी गुळगुळीत होती. कडेपासून कडेपर्यंत. मी अंगठा फिरवला, नखानं खरडून पाहिलं, उजेडाला धरलं. एक कण कच्चा नव्हता. इतकं चांगलं पकलेलं काम माझ्या हातून वर्षातून दोनदा होत असेल. असा छाप कपडा फाटला तरी सुटत नाही. आणि तो सुटून माझ्या हातात होता, गार, थोडा वाकलेला. त्याचं कपाळ माझ्या तळहाताला लागलं होतं. मला दरदरून घाम फुटला.

सगळे माझ्याकडं बघत होते. पक्कं आहे म्हटलं असतं तर माझं नाव राहिलं असतं. आणि अवसेला तो जळाला असता.

"कच्चं राह्यलं, माय," मी म्हटलं. "लाइट गेली होती. मी अंदाजानं काम केलं. चूक माही हाये."

म्हातारीनं चेहरा माझ्या हातातून घेऊन ताटात ठेवला. "मंग माह्या पोरानं काही सांगतलं नाही?"

"नाही, माय. गोंद कच्चा होता, तो सुटला. येवढंच हाये."

तिचं तोंड पडलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. पण दोन वर्षांनी तिला मुलाकडून एक निरोप आला होता आणि तोही मी खोटा ठरवला. ती उठली, दिव्याची वात बोटानं तेलात ओढून विझवली आणि ताट माझ्या हातात दिलं. "घेऊन जाय मंग तुहं कच्चं काम," ती म्हणाली.

मी चेहरा ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून आणला. डब्यातला जादाचा काढला, त्याच ट्रेमधला, आणि माझ्या जुन्या धुतलेल्या ओढणीवर छापला. गरम पाण्यात भिजवला, ब्रशनं घासला, पुन्हा भिजवला. अकरा वेळा धुतला. कडसुद्धा उचलली नाही. तिथं मी भ्याले. काम पक्कं होतं, गोंद पक्का होता, तरी तो निघून पाण्यावर आला होता. म्हातारीचं खरं होतं की काय? तिला खोटं सांगून मी कुणाला अडवून ठेवलं, हे विचार डोक्यातून जाईनात. भट्टीसमोर बसायला लागलं की मी स्टूल मागं घ्यायची. त्या महिन्यात दोन मंडळांनी टी-शर्टांचं काम मोताळ्याच्या दुकानाला दिलं, कच्चं छापणारी बाई म्हणून. त्याचं मला इतकं वाईट वाटलं नाही. एरवी मी कुणाच्या बापाचं ऐकून घेत नाही.

अवस झाल्यावर आठ दिवसांनी ती दुपारची दुकानात आली. कुंकू जागेवर होतं. तीच प्लास्टिकची पिशवी, तोच आकाशी शर्ट. तिनं दाराचा पडदा ओढून घेतला.

"तुमचं पक्कंच होतं न, ताई?" ती म्हणाली.

मी हातातली फिल्म खाली ठेवली.

"तुम्ही पालथं करून पाह्यलं तवा मी तुमचं तोंड पाह्यलं. तुम्ही खोटं बोलल्या. मीबी बोलले होते. हा शर्ट धुतेल नव्हता. ते गेले त्याच्या आदल्या सांजी त्यायनं काढला. तवापासून मी पानी लागू देलं नाही. बाकीचे सारे वावरात घालून घालून फाटले, हा एकच राह्यला. धुवून आन म्हटलं असतं तुम्ही, तं मी छापलाच नसता."

मी कपाळावर हात मारला. अंगाचं तेल, घाम मुरलेल्या कपड्यावर गोंद धरत नाही. रोज दहा गिऱ्हाइकांना मी हे ऐकवते. दोन वर्षांचा घाम त्या सुतात बसला होता, गोंद वरवर चिकटला, आणि गरम पाण्यात सुटला. एवढंच. त्याच्या घामानं त्याचाच चेहरा धरला नाही. कळल्यावर माझी भीती जायला हवी होती. ती गेली नाही, तिचं काहीतरी वेगळंच झालं, कारण मला आता तो वासही आठवला, खांद्याशी आलेला. मी वळून बघितलं होतं आणि ती डोळे मिटून उभी होती.

"छापायचं हाये काय पुन्हा?" मी विचारलं.

"नाही. बाजारासाठी नवा आनते मी, धुवून आनते. यावर काही छापू नोका." तिनं शर्ट टेबलावर पसरला. "नुसतं दाबा. त्या दिवशी दाबलं तवा ते आले होते."

"अवं, सासूनं गरम पान्यात, सोड्यात धुतला तो. आता काय राह्यलं असंन त्यात?"

"दाबा तं खरं."

मी प्रेस तापू दिला. शर्ट सरळ केला, कॉलर नीट केली. का कोण जाणे, माणसाला बसवताना करतो तसं हळू केलं. प्रेस खाली ओढला आणि दोघी उभ्या राहिलो. आधी नुसता गरम कापडाचा वास आला, साबणाचा आला. मग त्याच्या खालून, अगदी पातळ, तंबाखू आणि घाम. या वेळी मी मागं वळले नाही. मागं बघायची माझी हिंमत झाली नाही.

"आले," ती डोळे मिटून म्हणाली.

मी रडले. लपवत नाही, चांगली हुंदके देऊन रडले. ती रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आनखी एकदा दाबा न, ताई."

"हे पाह्य," मी म्हटलं, "गरम केलं की उडते ते. जितक्या वेळा दाबू तितकं कमी होईन. मंग काहीच राहनार नाही."

तिनं विचार केला. शर्टाची घडी घातली, पिशवीत ठेवला, पिशवीची हवा काढून गाठ मारली. "मंग वर्षातून एकदा येत जाईन," ती म्हणाली.

बाजारासाठी तिनं नवा शर्ट आणला, माझ्यासमोर दोनदा धुतला, आणि मी त्यावर तोच चेहरा छापला. तो अजून निघालेला नाही. अजून तो गर्दीत माझ्याकडं बघत मागं मागं जातो. म्हातारी एकदा बाजारात भेटली. माझा हात धरून बाजूला घेऊन गेली आणि विचारलं, "खरं सांग, बाई. कच्चंच होतं न?" मी हाव म्हटलं. तिनं मान हलवली आणि हात सोडला. तिला मी काय दिलं आणि तिचं काय घेतलं, याचा हिशोब मला अजून लागलेला नाही.

वेचणी सुरू झाली की सून येते, तीच पिशवी घेऊन. दुसऱ्या वर्षी वास आला, पण मला नाक खाली न्यावं लागलं. यंदा ती आली तेव्हा मी आधीच दुकानातली अगरबत्ती विझवली, पंखा बंद केला. तिनं गाठ सोडली, शर्ट पसरला. मी प्रेस ओढला. गरम कापडाचा वास आला. मी वाट पाहिली. मी पार वाकून श्वास घेतला, पुन्हा घेतला. कापडाशिवाय काही नव्हतं.

ती एक हात टेबलावर टेकून डोळे मिटून उभी होती. बराच वेळ उभी होती.

"आले," ती म्हणाली. मग डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. "आले न, ताई?"

"हाव," मी म्हटलं.